प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी आधी लिहावे की आधी वाचावे?

रेखाटन

येत्या सत्रापासून विद्यापीठातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वर्गात १२० विद्यार्थी असतील. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनी आजवर एकही प्रोग्रॅम लिहिलेला नसेल. भाषा पायथन ठरलेली आहे. गेली दोन वर्षे मी याच अभ्यासक्रमाच्या प्रॅक्टिकलला साहाय्यक म्हणून काम केले आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे.

लूप म्हणजे काय, हे विचारले तर विद्यार्थी नेमके सांगतात, की त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना. व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, व्याख्या सांगतात, फंक्शनचे, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा वापरता येणाऱ्या कोडच्या तुकड्याचे, फायदे सांगतात. मात्र 'दिलेल्या यादीतील संख्यांची बेरीज करा' एवढे सांगून रिकामी फाईल उघडून दिली की हात थांबतात. दहा मिनिटांनी जाऊन पाहावे तर लूप लिहिलेला असतो, आणि 'बेरीज = ०' ही ओळ त्या लूपच्या आत असते. यादी ३, ५, २ अशी असेल तर उत्तर १० ऐवजी २ येते, आणि ते २ कुठून आले हे त्यांना सांगता येत नाही. मी ती ओळ लूपच्या बाहेर काढून दिली की प्रोग्रॅम चालतो आणि विद्यार्थी समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे जातो. पुढच्या आठवड्यात तीच ओळ पुन्हा आत असते.

माझे आजचे मत असे आहे की सराव कमी पडतो, म्हणून पहिल्या दिवसापासून रोज काहीतरी लिहायला लावावे. परंतु ज्यांनी हा अभ्यासक्रम अनेक वर्षे शिकवला आहे किंवा नुकताच शिकला आहे, त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे, की पहिल्या पाच-सहा आठवड्यांत विद्यार्थ्यांच्या हातून नेमके काय करवून घ्यावे?

अनुक्रम

धागा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी अठरा वर्षे हा विषय शिकवतो आहे आणि त्यांपैकी पहिली आठ वर्षे माझेही मत तुमच्यासारखेच होते.

तुम्ही वर्णन केलेली अडचण तुमच्या वर्गापुरती नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना, पहिला अभ्यासक्रम संपत आलेला असताना, साधे प्रोग्रॅम लिहायला दिले. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. तेव्हा बहुतेकांनी असा अर्थ लावला की विद्यार्थ्यांना समस्या सोडवता येत नाहीत. त्यानंतर २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांना लिहायला काहीच सांगितले नाही. तयार कोड दिला आणि १२ बहुपर्यायी प्रश्न विचारले. काहींमध्ये या कोडचे आउटपुट काय येईल असा प्रश्न होता, तर काहींमध्ये गाळलेली ओळ दिलेल्या पर्यायांतून निवडायची होती. तिथेही बरेच विद्यार्थी अडखळले. समोर असलेल्या दहा ओळी एकामागून एक कशा चालतात हेच ज्याला धरून ठेवता येत नाही, त्याच्याकडून नव्या दहा ओळी रचण्याची अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

तुमच्या उदाहरणातील विद्यार्थ्याला 'बेरीज = ०' ही ओळ आत की बाहेर हे आठवत नाही असे तुम्हाला वाटते. मला वाटते, ती ओळ आत असल्याने काय घडते हे त्याला दिसतच नाही. त्याला कागद द्या, तीन रकाने आखायला सांगा आणि प्रत्येक फेरीनंतर बेरीजची किंमत लिहायला लावा. तिसऱ्या फेरीच्या आरंभी किंमत पुन्हा शून्य झालेली त्याने स्वतःच्या हाताने लिहिली, की ते २ कुठून आले हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून माझे उत्तर असे आहे की पहिले तीन आठवडे वाचन आणि ड्राय रन, म्हणजे संगणकाऐवजी एकेक ओळ स्वतः चालवून पाहणे, तोही कागदावर, आणि लिहिणे त्यानंतर.

कळफलक

अनुक्रम यांच्या अनुभवाचा आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते. मी शिक्षक नाही. चौदा वर्षे सॉफ्टवेअर लिहितो आहे आणि दरवर्षी नव्याने रुजू होणाऱ्या चार-पाच जणांना सांभाळून घेतो. त्यांच्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती म्हणजे भीती. आपण काही लिहिले आणि ते चुकले तर काय, या भीतीने ते कीबोर्डला हातच लावत नाहीत. तीन आठवडे कागदावर रकाने आखल्याने ही भीती जाणार नाही, उलट प्रोग्रॅम ही परीक्षेत सोडवायची वस्तू आहे असा समज पक्का होईल.

मला स्वतःला हा विषय आवडला तो पडद्यावर मी सांगितलेल्या जागी एक वर्तुळ उमटले त्या दिवशी. मार्क गझडियल यांनी जॉर्जिया टेकमध्ये २००३ पासून चित्रे आणि ध्वनी यांच्यावर बेतलेला पहिला अभ्यासक्रम चालवला, तोही याच जाणिवेतून. छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचा लाल रंग अर्धा करायचा, तर लूप लागतोच, आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते. विद्यार्थ्याला लूपची गरज आधी भासू द्यावी, व्याख्या मागाहून येऊ द्यावी.

मध्यमा

मी गेल्या वर्षी हा अभ्यासक्रम विद्यार्थिनी म्हणून पूर्ण केला आहे, त्यामुळे आमच्या बाजूने काय घडते ते लिहिते.

पहिले दोन महिने मी 'अ = ब' हे गणितातील समीकरण म्हणून वाचत होते. दोन्ही बाजू समान आहेत, असे. मग 'अ = अ + १' आले आणि मला ते चक्क खोटे विधान वाटले. शिक्षकांनी सांगितले की याचा अर्थ 'अ मध्ये एक मिळवा' असा घ्या. मी तसा घेतला, म्हणजे पाठ केला. 'अ = ब' आणि त्याखाली 'ब = अ' लिहिले की किमतींची अदलाबदल होईल, याची मला खात्री होती. अ मध्ये ३ आणि ब मध्ये ७ असताना दोन्हींत ७ आले, तेव्हा मला वाटले की संगणकात काहीतरी बिघाड आहे.

दुसरा गोंधळ प्रिंट (किंमत पडद्यावर दाखवणे) आणि रिटर्न (किंमत प्रोग्रॅमला परत देणे) यांचा. संख्या दुप्पट करणारे फंक्शन लिहायचे होते. मी फंक्शनच्या आत उत्तर प्रिंट केले, पडद्यावर १० दिसले, म्हणजे काम झाले. पुढच्या प्रश्नात त्याच फंक्शनच्या उत्तरात १ मिळवायचा होता. पडद्यावर आधी १० दिसले आणि लगेच खाली एरर आली, की 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') आणि संख्या यांची बेरीज होत नाही. दहा तर समोर दिसत होते! ते पडद्यावर आहे आणि प्रोग्रॅमच्या हाती मात्र काहीच आलेले नाही, हे मला बरेच दिवस कोणी सांगितले नाही, कारण मला नेमके काय कळलेले नाही हे मलाच सांगता येत नव्हते.

शेवटी एका साहाय्यकांनी फळ्यावर चौकोन काढले. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक, फंक्शनसाठी वेगळी चौकट, आणि फंक्शन संपल्यावर त्यांनी ती चौकट डस्टरने पुसून टाकली. पुसण्यापूर्वी फक्त रिटर्न केलेली किंमत बाहेरच्या चौकोनात नेऊन लिहिली. त्या एका कृतीने मला जे कळले, ते दोन महिन्यांच्या सरावाने कळले नव्हते. म्हणून मी अनुक्रम सरांच्या बाजूने आहे. मात्र तीन आठवडे फारच दीर्घ वाटतात.

अर्धविराम

चौकोनांचा मुद्दा फार आवडला. एक शंका आहे. रेखाटन यांना भाषेची निवड करता आली असती, तर या अडचणी कमी झाल्या असत्या का?

अनुक्रम

मध्यमा यांनी अनवधानाने या क्षेत्रातील एक जुनी संकल्पना सांगितली आहे. बेनेडिक्ट ड्यू बूले यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की शिकणाऱ्याच्या मनात एक कल्पित यंत्र उभे राहावे लागते. प्रत्यक्ष संगणकाचे परिपथ त्यात नसतात. त्या भाषेतील प्रोग्रॅम कसा चालतो एवढेच सांगणारे ते साधे यंत्र असते. आपण ते उभे करून दिले नाही, तर विद्यार्थी स्वतःचे एखादे उभे करतोच, आणि ते बहुधा चुकीचे असते. रॉय पी यांनी १९८६ मध्ये एक व्यापक गैरसमज नोंदवला होता, तो म्हणजे संगणकाच्या आत आपला हेतू ओळखणारे कोणीतरी बसलेले आहे. माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी व्हेरिएबलला 'सर्वात_मोठी' असे नाव देते आणि त्यात आपोआप सर्वात मोठी संख्या येईल अशी वाट पाहते. ते नाव आपल्यासाठी आहे, यंत्राला त्याचा अर्थ नाही, हे वाक्य मी आता पहिल्याच तासाला सांगतो.

भाषेबद्दल सांगायचे तर, केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ येथे बेसिक तयार केली ती नवशिक्यांसाठी. निक्लाउस विर्थ यांची १९७० ची पास्कल अध्यापन डोळ्यांसमोर ठेवूनच आली. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली पायथन आज अनेक विद्यापीठांत पहिली भाषा म्हणून शिकवली जाते. या साऱ्या काळात 'बेरीज = ०' लूपच्या आत लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक भाषेत होते. भाषेने फरक पडतो तो पहिल्या आठवड्यात. जावामध्ये एक ओळ छापण्यापूर्वी तीन-चार शब्द असे येतात की त्यांच्याविषयी 'सध्या याकडे लक्ष देऊ नका' असे सांगावे लागते, आणि जो विद्यार्थी प्रामाणिकपणे लक्ष देतो तोच गोंधळतो. पायथनमध्ये हे टळते.

निर्देशांक

पायथनमध्ये हे टळते, पण केवळ पुढे ढकलले जाते. मी सी ही भाषा शिकवतो आणि ठामपणे सांगतो की पहिली भाषा सीच असावी. व्हेरिएबल म्हणजे मेमरीतील जागा, हे त्यात पहिल्या दिवसापासून उघड असते. मध्यमा यांना डस्टरने जे दाखवावे लागले, ते सीमध्ये भाषाच शिकवते. पायथनच्या विद्यार्थ्याला एक यादी दुसऱ्या नावाला द्यायला सांगा, दुसऱ्या नावाने तिच्यात एक घटक घालायला सांगा आणि मग पहिली यादी छापायला सांगा. तीही बदललेली पाहून तो थक्क होतो.

आणि थोडे स्पष्ट बोलतो. आपण सारे एक गोष्ट टाळत आहोत. काही विद्यार्थ्यांना हा विषय येतोच आणि काहींना कितीही शिकवले तरी येत नाही. वर्गाच्या गुणांचा आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात. ही गोष्ट मान्य केली की पद्धतींचा एवढा ऊहापोह करावा लागत नाही.

सहाध्यायी

निर्देशांक यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला मी तीव्र विरोध नोंदवते, कारण याच वाक्याने दरवर्षी कितीतरी विद्यार्थी स्वतःहून मागे फिरतात.

दोन उंचवट्यांचा दावा २००६ मध्ये सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांच्या एका मसुद्यामुळे फार पसरला. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच एका चाचणीवरून कोणाला प्रोग्रॅमिंग येईल हे सांगता येते, असे त्यात म्हटले होते. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतः तो लेख जाहीरपणे मागे घेतला. लेख आजही फिरतो, त्याचे मागे घेणे मात्र फिरत नाही. उत्तीर्णांच्या प्रमाणाकडेही पाहावे. बेनेडसेन आणि कॅस्पर्सन यांनी २००७ मध्ये जगभरातील पहिल्या अभ्यासक्रमांतील अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असल्याचे मांडले, आणि २०१९ मध्ये त्यांनीच पुन्हा पाहिले तेव्हा ते २८ टक्के आले. हे प्रमाण कमी नाही, पण 'काहींना येतच नाही' हे सिद्ध करणारेही नाही.

मला स्वतःला जो उंचवटा दिसतो तो अनुभवाचा आहे. पहिल्या आठवड्यात वर्गात दोन-तीन विद्यार्थी असे असतात की ज्यांनी शाळेत असतानाच प्रोग्रॅम लिहिलेले असतात. ते हात वर करून असा प्रश्न विचारतात की ज्यातील निम्मे शब्द इतरांनी ऐकलेलेही नसतात. तो प्रश्न निरागस असतो, पण बाकीच्या शंभर जणांना त्यातून एवढेच ऐकू येते की आपण सोडून सर्वांना येते. पुढे सत्रभर ते काही विचारत नाहीत. हार्वी मड कॉलेजने पूर्वानुभव असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे वर्ग वेगळे केले, तेव्हा नवशिक्यांना प्रश्न विचारायला मोकळीक मिळाली. रेखाटन यांना वर्ग वेगळे करता येणार नसतील, तर निदान अनुभवी विद्यार्थ्यांशी तासानंतर बोलावे, त्यांना अधिक कठीण काम द्यावे आणि वर्गातील प्रश्न इतरांसाठी मोकळे ठेवावेत.

निर्देशांक

बोर्नाट यांनी लेख मागे घेतल्याचे मला ठाऊक नव्हते. ते विधान मी मागे घेतो. मी अनेक वर्षे ते वर्गातही बोलून दाखवले आहे आणि आता त्याचे वाईट वाटते.

सीविषयीचे मत मात्र कायम आहे.

कळफलक

सी रोजच्या कामात वापरणारा म्हणून सांगतो, निर्देशांक, की सीमध्ये मेमरी उघड असते तशा नवशिक्याच्या चुका झाकलेल्याही राहतात. किंमत वाचून घेणाऱ्या 'स्कॅनफ'मध्ये पत्त्याचे चिन्ह विसरले, किंवा पाच जागांच्या अ‍ॅरेत सहावी किंमत लिहिली, तर प्रोग्रॅम कधी चालतो, कधी मध्येच कोसळतो, कधी भलतीच संख्या दाखवतो. अटीमध्ये दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच लिहिले आणि उजवीकडे शून्याखेरीज कोणतीही संख्या असली, तर अट नेहमी खरी ठरते. चुकले आहे हे कळायलाच ज्याला अनुभव लागतो, ती गोष्ट अनुभव नसलेल्याच्या हाती पहिल्या महिन्यात देऊ नये.

शून्यापासून

अवांतर आहे, पण वर्गात हा प्रश्न नक्की येईल म्हणून लिहितो. यादीतील पहिल्या घटकाचा क्रमांक शून्य का, असे विद्यार्थी विचारतात आणि बहुतेक शिक्षक 'तशी पद्धत आहे' एवढेच सांगतात. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये याच प्रश्नावर एक छोटे टिपण लिहिले. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. आरंभीचा क्रमांक धरायचा आणि शेवटचा वगळायचा, असे ठरवले की दोन्हींच्या वजाबाकीतून घटकांची संख्या थेट मिळते, आणि एका तुकड्याचा शेवट हाच पुढच्या तुकड्याचा आरंभ असतो. मग शून्यापासून मोजले की दहा घटकांचे क्रमांक ० ते १०, दहा वगळून, असे सुटसुटीत लिहिता येतात. हे फळ्यावर काढून दाखवायला पाच मिनिटे लागतात आणि मोजणीत एक कमी किंवा एक जास्त होण्याच्या कितीतरी चुका त्याने टळतात.

रेखाटन

सर्वांचे मनापासून आभार. अवांतरही जपून ठेवले आहे. अनुक्रम आणि कळफलक या दोघांचेही पटते आहे, आणि तिथेच अडले आहे. वाचन आणि लेखन यांच्या मधली एखादी पायरी आहे का?

अनुक्रम

आहे. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेले कोडे वापरून पाहा. योग्य प्रोग्रॅमच्या सर्व ओळी द्यायच्या, पण क्रम विस्कटून, आणि विद्यार्थ्याने त्या लावायच्या. एक-दोन फसव्या ओळीही मिसळता येतात. तुमची 'बेरीज = ०' ही ओळ यासाठी अगदी योग्य आहे, कारण तिथे विद्यार्थ्याला फक्त तिची जागा ठरवायची असते, शब्दरचना आठवायची नसते. रिकाम्या फाईलची भीती राहत नाही आणि विचार मात्र पूर्ण करावा लागतो.

कळफलक यांना उत्तर म्हणून एवढे मान्य करतो, की कागदाचा आग्रह मी गरजेपेक्षा ताणला. फिलिप गुओ यांनी तयार केलेल्या पायथन ट्यूटरमध्ये प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलचे चौकोन पडद्यावर बदलताना दिसतात. निर्देशांक यांनी सांगितलेली दोन नावांची एकच यादीही त्यात दोन बाणांनी स्पष्ट दिसते. माझी अट एकच असेल. पुढचे बटण दाबण्यापूर्वी विद्यार्थ्याने पुढे काय दिसेल ते लिहून ठेवावे. नुसते पाहिले तर सारे समजल्यासारखे वाटते.

परीक्षक

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही, म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आल्यापासून, या अभ्यासक्रमात घरी दिली जाणारी जवळजवळ प्रत्येक असाइनमेंट काही क्षणांत तयार मिळते. त्याआधी विद्यार्थी एकमेकांचे उतरवत, आणि त्यासाठी अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये तयार केलेले मॉस हे साधन वापरता येई, कारण तिथे दोन प्रोग्रॅमची तुलना होत असे. आता तुलना कशाशी करावी?

मी मूल्यमापन बदलले. विद्यार्थी असाइनमेंट कुठूनही करून आणो, प्रॅक्टिकलच्या वेळी त्याच प्रोग्रॅममध्ये मी एक छोटा बदल सांगतो आणि तो दहा मिनिटांत समोर करायचा असतो. बेरीज काढली असेल तर फक्त सम संख्यांची काढा, किंवा यादी रिकामी असताना सरासरी काय द्याल ते ठरवा. ज्याने स्वतः लिहिले आहे, किंवा दुसऱ्याचे घेऊन नीट समजून घेतले आहे, तो हे करतो. समजून घेतले असेल तर माझी काही तक्रार नाही.

मध्यमा

परीक्षक सर, पद्धत न्याय्य आहे, परंतु दहा मिनिटे आणि समोर परीक्षक उभे, या स्थितीत मला माझाच प्रोग्रॅम ओळखू येत नसे. ज्यांना दडपण येते त्यांच्यासाठी काही सोय असावी.

परीक्षक

तुमचे म्हणणे योग्य आहे. मी पहिली दोन वेळची तपासणी गुणांविना घेतो आणि तिसऱ्या वेळेपासून गुण देतो. बदल सांगून झाल्यावर मी तिथून दूर जातो आणि शेवटी येऊन पाहतो. १२० विद्यार्थ्यांची प्रत्येकी पाच मिनिटे तोंडी परीक्षा घ्यायची तर सलग दहा तास लागतात, म्हणून हा मार्ग शोधावा लागला. तो परिपूर्ण आहे असा माझा दावा नाही.

सहाध्यायी

यात एक भर घालते. एरर वाचणे हे वेगळे शिकवावे लागते. लाल अक्षरे दिसली की विद्यार्थी ती न वाचताच खिडकी बंद करतात, कारण त्यांना तो ठपका वाटतो. मी एक पूर्ण तास चालता प्रोग्रॅम मुद्दाम मोडायला देते. एक कंस काढा, नावाचे एक अक्षर बदला, इंडेंटेशन (ओळीच्या आरंभीची मोकळी जागा) बिघडवा, आणि प्रत्येक वेळी काय संदेश येतो ते वहीत लिहा. स्वतः मोडलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचावी, हे सांगावे. कंस उघडा राहिला तर जुन्या आवृत्त्या पुढच्याच ओळीकडे बोट दाखवत. २०२१ मधील ३.१० आवृत्तीपासून कंस बंद झालेला नाही असे स्पष्ट लिहून येते. म्हणून प्रयोगशाळेतील आवृत्ती अवश्य तपासून घ्या.

रेखाटन

सहा आठवडे झाले. ज्यांनी एवढा वेळ दिला त्यांना वृत्तान्त देणे हे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या तासाला विद्यार्थ्यांनी पडद्यावर काहीतरी उमटवले, कारण कळफलक यांचे म्हणणे मला पटले होते. दुसऱ्या तासापासून प्रत्येक तासाच्या आरंभी चार-पाच ओळींचा कोड फळ्यावर लिहून आउटपुट आधी लिहायला लावते, मग शेजाऱ्याशी चर्चा करू देते आणि त्यानंतरच तो चालवते. मध्यमा यांचे 'अ = ब, ब = अ' पहिल्या आठवड्यात दिले. निम्म्याहून अधिक वर्गाने अदलाबदल होईल असे लिहिले होते. शेजाऱ्याशी बोलल्यावर अनेकांनी उत्तर बदलले, आणि ज्यांनी बदलले ते कारण सांगू शकत होते. डस्टरने चौकट पुसणे मी जसेच्या तसे उचलले आहे. प्रिंट आणि रिटर्नचा गोंधळ संपला असे म्हणणार नाही, पण आता विद्यार्थी 'चौकट पुसली गेली' असे एकमेकांना सांगताना ऐकू येतात.

'बेरीज = ०' ही ओळ लूपच्या आत लिहिणारे या वेळीही निघाले, माझ्या गटातील तीस जणांपैकी सहा. फरक एवढाच की त्यांतील चौघांनी रकाने आखून आपली चूक स्वतः शोधली.

अडचण आता दुसरीकडे आहे. कोडी सुटतात, ड्राय रन होतो, चुका सापडतात. तरीही 'यादीतील ऋण नसलेल्या संख्यांची सरासरी काढा' असे नवे काही दिले की, सुरुवात कुठून करावी हा प्रश्न उरतोच. वाचता येते, म्हणून रचता येईलच असे नाही.

अनुक्रम

तुम्ही निवडलेला प्रश्न येल विद्यापीठातील इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात वापरलेल्या प्रसिद्ध प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे, आणि त्यांचे उत्तरही उपयोगी पडेल. अनुभवी माणूस ओळीओळीने रचत नाही. त्याच्याकडे तयार घडण असते, जसे बेरीज साठवत जाणे, मोजत जाणे, नको ती किंमत गाळणे, भागाकारापूर्वी शून्य तपासणे. तुमच्या प्रश्नात या चारही घडणी एकमेकींत विणलेल्या आहेत. नवशिक्याला त्या दिसत नाहीत, कारण आपण त्यांना कधी नावेच दिलेली नसतात. नावे द्या. तयार प्रोग्रॅममध्ये कोणत्या ओळी कोणत्या घडणीच्या आहेत ते रंगीत पेन्सिलीने खुणावून घ्या. मग दोन घडणी जोडून होणारे प्रश्न द्या, आणि चार घडणींचा प्रश्न सत्राच्या उत्तरार्धात द्या.

कळफलक

रंगीत पेन्सिलीची कल्पना मी माझ्या नव्या सहकाऱ्यांसाठीही वापरणार आहे. रेखाटन, एक विनंती आहे. तुमच्या त्या तीस जणांना नवा प्रश्न देताना एकदा स्वतः रिकामी फाईल उघडून, आधी तयारी न करता, त्यांच्यासमोर तो सोडवा. तुम्ही कुठे थांबता, काय खोडता, कोणती ओळ आधी सुचते, हे त्यांनी आजवर कधीच पाहिलेले नसेल.

रेखाटन

गुरुवारी प्रॅक्टिकल आहे. प्रश्न विद्यार्थ्यांनाच निवडायला सांगते आणि फळ्यापाशी चारही घडणींची नावे लिहून ठेवते. पेन्सिली आजच मागवल्या आहेत.